सुट्या फळ्यांचे स्वयंपाकघर

हैदराबादेत ऑगस्ट 2018 मध्ये आणि नवी मुंबईत तुर्भ्याला डिसेंबर 2020 मध्ये आयकियाची दालने उघडली. सपाट खोक्यांतून घरी आणायचे आणि स्वतःच जोडायचे फर्निचर ही कल्पना आता आपल्याकडे नवी राहिलेली नाही. चपलांचे कपाट, अभ्यासाचे टेबल, पुस्तकांची मांडणी लोक सुट्टीच्या दिवशी बसून जोडतात. काही कुटुंबे त्यापुढे जाऊन अख्खे स्वयंपाकघर याच पद्धतीने बसवण्याचा विचार करू लागली आहेत. मजुरी वाचते, घरात आठवडेच्या आठवडे भुसा उडत नाही आणि आपले घर आपल्या हातांनी उभे केल्याचे समाधान मिळते. हा विचार आम्हाला मनापासून स्वागतार्ह वाटतो. फक्त टेबल आणि स्वयंपाकघर यांतला फरक आधी ओळखायला हवा. टेबल जमिनीवर ठेवले की काम संपते. स्वयंपाकघर मात्र घराच्या भिंतीला, फरशीला, पाण्याला आणि गॅसला जोडावे लागते. त्या जोडणीबद्दल खोक्यातली चित्रमय पुस्तिका फार थोडे सांगते.

कपाटाचे खोके जोडण्याचा भाग खरोखरच सोपा झाला आहे. युरोपातल्या कारखान्यांनी कपाटाच्या बाजूंना 32 मिलिमीटर अंतराने छिद्रे पाडण्याची पद्धत रूढ केली. बिजागरीच्या वाटीसाठी दारात 35 मिलिमीटर व्यासाचा खड्डा आधीच कोरलेला असतो. त्यामुळे फळी, चॅनेल, बिजागरी यांची मापे जोडणाऱ्याला ठरवावी लागत नाहीत. संयम तेवढा लागतो. भुश्याच्या दाबीव फळीत स्क्रू ड्रिलने जोरात फिरवला तर आतले आटे झिजतात आणि पकड कायमची जाते. शेवटचे दोन वेढे हातानेच द्यावेत. पाठीमागची पातळ फळी ठोकण्याआधी खोक्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तरच खोके काटकोनात आहे. ही फळीच खोक्याला काटकोनात धरून ठेवते. ती तिरकी बसली की पुढे दारे कितीही फिरवून पाहा, त्यांच्या फटी जुळत नाहीत.

पुढचे काम मापाचे. आपल्या घरांतल्या फरशा मोरीकडे किंवा दाराकडे उताराने घातलेल्या असतात आणि कोपरे क्वचितच पूर्ण काटकोनात भरतात. म्हणून फरशीचा सर्वांत उंच बिंदू पाण्याच्या लेव्हल-नळीने शोधायचा, तिथून उंची धरायची आणि बाकीच्या कपाटांचे पाय फिरवून त्या रेषेला आणायचे. सुरुवात कोपऱ्यातल्या कपाटापासून करावी. भिंतीला अगदी खेटून कपाट लावले तर ड्रॉवर उघडताना दाराच्या चौकटीला अडकतो, म्हणून तिथे तीन-चार सेंटीमीटरची पट्टी सोडावी. सगळी कपाटे एका रेषेत आली, एकमेकांना आवळली, की मगच ती भिंतीला कायमची जोडावीत.

खरी परीक्षा वरच्या टांगत्या कपाटांची. त्यांचा सगळा भार दोन-चार स्क्रूंवर असतो आणि ते स्क्रू कशात रुतले आहेत हे दिसत नाही. आपल्याकडच्या भिंती एका प्रकारच्या नाहीत. जुन्या इमारतींत भाजक्या विटा, गेल्या काही वर्षांतल्या अनेक संकुलांत सिपोरेक्सचे हलके ठोकळे, तर काही उंच इमारतींत साच्यात ओतलेले काँक्रीट. एका सहज न दिसणाऱ्या जागी ड्रिल चालवून पाहिले की भुकटीच सांगते: लालसर आली तर वीट, करडी आणि ड्रिल पुढे सरकायला तयार नाही तर काँक्रीट, पांढुरकी आणि ड्रिल लोण्यासारखे आत गेले तर सिपोरेक्स. विटेच्या भिंतीत साधी नायलॉनची गिट्टी पुरते, पण ती गिलाव्यात न अडकता विटेत गेली पाहिजे. सिपोरेक्समध्ये हीच गिट्टी काही महिन्यांत सैल होते. त्यासाठी मुद्दाम बनवलेल्या लांब गिट्ट्या मिळतात, त्याच घ्याव्यात. कपाटे थेट भिंतीला न ठोकता आधी लोखंडी पट्टी बसवून त्यावर टांगली तर भार अनेक ठिकाणी वाटला जातो. स्विचबोर्डाच्या आणि नळाच्या सरळ वर-खाली छिद्र पाडू नये, कारण वायरी आणि पाइप बहुधा त्याच रेषेत गेलेले असतात. भिंतीबद्दल शंका असेल तर एवढ्या एका कामासाठी अनुभवी सुतार बोलवावा. डाळ-तांदळाच्या डब्यांनी भरलेले कपाट कोणाच्या डोक्यावर पडण्याची शक्यता ठेवणे ही काटकसर नव्हे.

ओट्याचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष जाते. युरोपातला ओटा साधारण 90 सेंटीमीटर उंचीचा असतो, आणि ही तयार कपाटे त्याच हिशेबाने बनतात. आपले मिस्त्री पिढ्यान्‌पिढ्या ओटा 32 ते 34 इंचांवर, म्हणजे 81 ते 86 सेंटीमीटरवर बांधत आले, आणि त्यांचे बरोबर होते. काम करण्याची उंची उभ्या माणसाच्या कोपरापेक्षा दहा-पंधरा सेंटीमीटर खाली असावी लागते. पाच फूट उंचीच्या बाईसाठी ती नेमकी तिथेच येते. शिवाय आपली शेगडी ओट्याच्या वर ठेवलेली असते आणि तिच्यावर कुकर किंवा खोल पातेले. पोळ्या आणि भाकरी करताना खांद्याचा जोर वरून खाली द्यावा लागतो. उंच ओट्यावर रोज वीस पोळ्या लाटणाऱ्या बाईचे खांदे भरून येतात आणि ती तक्रार घरात बहुधा कोणी ऐकत नाही. तेव्हा कपाटांची उंची दुकानातल्या नमुन्यावरून ठरवू नका. जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिला उभे करून कोपरापासून मोजा आणि त्याप्रमाणे पाय लहान घ्या.

ओट्याचा दगडही विचारात घ्यायला हवा. 20 मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन चौरस फुटाला सुमारे पाच किलो भरते. आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद ओटा म्हणजे 80 किलो. आपल्या पद्धतीत हा भार कडप्प्याच्या उभ्या फरश्या पेलतात आणि ट्रॉल्या त्यांच्या मधल्या जागेत बसतात. तयार कपाटे त्या जागेत मावत नाहीत, आणि ओटा फोडायचा म्हटला की सोसायटीची परवानगी, राडारोड्याची विल्हेवाट, वॉटरप्रूफिंग हे सगळे येते. ज्यांचा ओटा चांगला आहे त्यांनी तो ठेवावा आणि त्याखाली मापाच्या ट्रॉल्या बसवून घ्याव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाण्याने ही कपाटे सर्वांत लवकर खराब होतात. दाबीव फळी कापलेल्या कडेतून पाणी पिते आणि एकदा फुगली की पूर्ववत होत नाही. सिंकसाठी कापलेली प्रत्येक कड सिलिकॉनने बंद करावी आणि सिंकखालचे कपाट शक्य असल्यास भारतीय मानक 710 चा शिक्का असलेल्या मरीन प्लायचे घ्यावे. कोकणात तर हा खर्च टाळूच नये.

गॅसचे काम स्वतः करायचे नाही. स्वयंपाकाचा सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला खाली आणि वर हवेची वाट हवी आणि सिलिंडर फळीऐवजी थेट फरशीवर हवा. पाइपचा गॅस असेल तर नळी एक इंच सरकवण्यासाठीही गॅस कंपनीचाच माणूस बोलवावा.

विक्रेत्यांनीही आपला वाटा उचलावा. महाराष्ट्रात स्वयंपाकघर विकताना भिंतीचा प्रकार विचारावा, त्याप्रमाणे गिट्ट्या द्याव्यात, बुटके पाय उपलब्ध ठेवावेत आणि भिंत, पाणी व गॅस यांविषयीच्या सूचना मराठीत छापाव्यात. ग्राहकांनी या चार गोष्टी मागाव्यात, आणि त्या मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत.