ओलीवर रंग

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण आपल्या तोंडी इतकी बसली आहे की, कधीतरी घर विकूनही पाहावे लागते याची आठवण प्रसंग येईपर्यंत कोणाला होत नाही. घर बांधताना काय हाल झाले हे रंगवून सांगणारे आजोबा घरोघर आहेत. ते विकावे कसे, हे सांगणारा मात्र कोणी भेटत नाही. त्यामुळे होते काय, मंडईत एक वांगे किडके निघाले तरी परत जाऊन भांडणारा सद्गृहस्थ स्वतःचे घर विकायला काढतो, तेव्हा किडके वांगे तळाशी घालण्याची विद्या त्याला आपोआप अवगत होते. आणि गंमत अशी की, आपण काही वावगे करीत आहोत असे त्याच्या मनालाही शिवत नाही!

हा विषय दिवाळीत काढण्याला कारण आहे. चार भावंडे एरवी चार गावी असतात. ती याच दिवसांत एकत्र जमतात आणि फराळाच्या बशा उचलल्या गेल्या की, ‘त्या घराचे एकदा काय ते ठरवून टाकू’ हे वाक्य कोणीतरी उच्चारतो. नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावण्याची चाल आपल्याकडे आहेच. हा लेख म्हणजे तसलाच एक थेंब समजावा.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. घर विक्रीसाठी तयार करणे म्हणजे ते उघडे करून दाखवणे होय. आपण मात्र ते झाकण्यालाच तयारी म्हणतो.

पहिले झाकण रंगाचे. घर विकायचे ठरले की पहिला निरोप जातो तो रंगाऱ्याला. भिंतीला ओल आहे? त्यावर पुट्टी फासा. छताला पोपडे आहेत? खाली प्लास्टर ऑफ पॅरिसचे नवे छत टांगा. डाग मोठाच असला तर त्याच्यापुढे कपाट उभे करा. शिवाय, ‘गिऱ्हाईक पावसाळ्यात आणू नका, मार्च-एप्रिलात आणा,’ असा सल्ला द्यायला दलाल असतोच. वास्तविक ओलीला कारण असते. गच्चीचा कोबा फुटलेला असतो, वरच्या मजल्यावरची न्हाणी गळत असते, किंवा बाहेरच्या भिंतीला चीर गेलेली असते. या कारणावर खर्च केला तर ओल जाते. रंगावर खर्च केला तर ती फक्त एका पावसाळ्यापुरती पुढे जाते, आणि तो पावसाळा पाहायला विकणारा तिथे नसतो.

हा केवळ नीतीचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे. मिळकतीतला किंवा मालकी हक्कातला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसण्यासारखा नाही, तो विकणाऱ्याने आपण होऊन सांगितलाच पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. तो न सांगणे हे त्याच कायद्याने कपट ठरवले आहे. ‘त्यांनी विचारले नाही, म्हणून आम्ही सांगितले नाही,’ हा आपला लाडका बचाव कायद्याने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच निकालात काढला आहे.

नदीकाठच्या गावांत तर ही गोष्ट जिवाशी येते. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा पाणी कुठवर चढले होते हे जुन्या माणसांनी आयुष्यभर सांगितले. कोल्हापूर-सांगलीने २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि चिपळूणने २०२१च्या जुलैमध्ये तेच भोगले. अशा गावांत तळमजल्याचे घर विकताना भिंतीवरची पाण्याची रेघ खरवडून वर गुलाबी रंग देणारा माणूस नुसते घर विकत नाही. पुढच्या महापुरात माळ्यावर काय चढवून ठेवायचे आणि कोणत्या वेळी मुलांना घेऊन बाहेर पडायचे, हे ठरवण्याची संधी तो दुसऱ्याच्या संसाराकडून काढून घेतो.

दुसरे झाकण कागदाचे, आणि ते घरातल्याच माणसांवर घातले जाते. भाऊबीजेला बहीण ओवाळते, ताटात साडी पडते आणि ताट उचलल्यावर हळूच एक कागद पुढे येतो. त्याचे नाव हक्कसोडपत्र. ‘नुसती सही कर, औपचारिक आहे,’ एवढेच तिला सांगतात. वडील मृत्युपत्र न करता वारले असतील, तर त्यांच्या स्वकष्टार्जित घरात पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा देणारा हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ सालचा आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही २००५च्या दुरुस्तीने मुलीला मुलाच्या बरोबरीने बसवले, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये दिला. बहिणीने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण आपण किती रुपये सोडतो आहोत हे तिला कळलेच नाही, तर मोठेपणा तिने केला असे म्हणायचे, की चोरी आपण केली असे म्हणायचे?

आणि आई? तिचा वाटा आहे तो आहेच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती त्या घरात राहते आहे. घर दाखवायला लोक येऊ लागतात, ‘किचन जरा अंधारे आहे,’ असे तिच्या चुलीशी उभे राहून बोलतात, आणि घर विकायचे आहे हे तिला तेव्हा कळते! असे प्रकार मी सुशिक्षित घरांत पाहिले आहेत. आई पुढे कुठे राहणार याचे उत्तर ठरल्याशिवाय ज्या घराचा भाव ठरतो, त्या घराच्या तयारीत मूळ गोष्टच राहून गेली म्हणायची.

आता भावाविषयी. इथे माझ्यातला मास्तर जागा होतो, कारण अर्धा घोटाळा गणिताचा आहे. समजा, आपल्याच इमारतीतला ५५० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट ४९,५०,००० रुपयांना गेला. दर झाला चौरस फुटाला ९,००० रुपये. आपले कार्पेट ६०० असेल, तर आपली किंमत ५४,००,०००च्या आसपास. पण आपण काय करतो? जुन्या माहितीपत्रकातला ‘सुपर बिल्ट-अप’ ७८० हा आकडा काढतो, त्याला कार्पेटचा ९,०००चा दर लावतो आणि ७०,२०,००० मागतो. म्हणजे १६,२०,००० रुपये जिन्याचे, लिफ्टचे आणि भिंतींच्या जाडीचे! रेरा कायद्याने २०१६ साली कार्पेटची व्याख्या बांधून दिली, पण घरोघरच्या पाटीवरचा हिशेब अजून जुन्याच रीतीने चालतो. शेजारच्यांनी ‘आम्हाला इतके मिळाले’ म्हणून सांगितलेला आकडा भाव धरू नये. नोंदलेल्या दस्ताच्या सूची क्रमांक दोनमध्ये जो आकडा लिहिला आहे तो पाहावा, शासनाचे वार्षिक बाजारमूल्य दर पाहावेत, आणि मग आपल्या घराचा मजला, वय व डागडुजी पाहून कमीअधिक करावे.

यात आठवणींचा आकडा मिळवू नये. चौकटीवर मुलाची उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या खुणा आपल्याला मोलाच्या आहेत. घेणाऱ्याला ती चौकट फक्त सुतारकामाची आहे. त्याच्याही मुलाच्या खुणा पुढे तिथेच व्हायच्या आहेत, आणि त्याचे तो काही वेगळे मागत नाही.

तिसरे झाकण पैशावरचे. ‘थोडे चेकने, थोडे रोख’ हे वाक्य आता इतके सभ्य झाले आहे की, देवघराजवळ बसूनही ते बोलले जाते. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम रोख घेण्यास २०१५पासून बंदी आहे, आणि घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. दस्तातल्या किमतीपेक्षा मुद्रांक खात्याचे मूल्य दहा टक्क्यांहून अधिक भरले, तर आयकराच्या हिशेबात विकणाऱ्याला तेच मूल्य मिळाले असे धरतात. रोख गाठोड्याची शाश्वती किती, हे तर ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री साऱ्या देशाने पाहिले. पण माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. कर्ज काढून घर घेणाऱ्या नोकरदाराला बँक कागदावरच्या किमतीवर कर्ज देते. रोखीचा हट्ट धरणारा विक्रेता त्या प्रामाणिक माणसाला दारातूनच परत पाठवतो, आणि मग ‘हल्ली चांगली गिऱ्हाइके येत नाहीत,’ म्हणून तक्रार करतो!

‘सगळेच असे करतात, खरे बोललो तर घर पडून राहील,’ हे उत्तर मला पाठ आहे. वर्गात नक्कल करताना सापडलेला मुलगाही हेच सांगतो. खरे बोलण्याने चार गिऱ्हाइके जातील, हे मला मान्य. पण जे राहील त्याने दोष पाहून भाव केलेला असेल; त्याचा वकील आला, बँकेचा मूल्यांकनकार आला, तरी ठरलेला सौदा मोडणार नाही. झाकलेला सौदा मोडतो तो बहुधा इसार घेतल्यावर, आणि तो इसार तोवर दुसऱ्या घरासाठी देऊन बसलेला विक्रेता दोन्ही बाजूंनी अडकतो.

तेव्हा यंदाच्या दिवाळीनंतर ज्यांना घर विकायचे आहे, त्यांनी रंगाऱ्याआधी तीन माणसांना बोलवावे: गळती शोधणारा गवंडी, कागद तपासणारा वकील आणि वाटा असलेली बहीण. आईला बोलवायचे नाही. तिच्यापाशी आपण जाऊन बसायचे. एवढे झाले की खुशाल रंग लावावा. कोरड्या भिंतीवर तो चांगला बसतो.