खापरपणजीला घोडा का नाही आला?

यंदा मंडळाच्या गणपतीत मुलांचा 'माझं आवडतं पुस्तक' हा कार्यक्रम झाला. त्यात एका परीक्षक काकांनी माझ्या लेकीला माइकवरून जे ऐकवलं, ते मला अजून पचलेलं नाही. घरी मी तेच तेच इतकं बोलत राहिले, की शेवटी नवरा म्हणाला, "अगं, अंकात लिही ना, मला कशाला सांगतेस?" म्हणून लिहिते. काकांचं नाव घालत नाही. ते आपला अंक मुखपृष्ठापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात, त्यांना कळेल.

लेक अख्खं मराठीत बोलली. 'पागा', 'वारसदार', 'जासूद' हे शब्द आजीच्या मागे लागून तिने मिळवले होते. बोलली ती मर्सिडीज लॅकीच्या 'अ‍ॅरोज ऑफ द क्वीन'बद्दल. काका म्हणाले, "बाळ, मराठी छान हो तुझं. पण ही घोड्याबिड्यांची, भुताखेतांची पळपुटी पुस्तकं कशाला? आपल्याकडे 'श्यामची आई' आहे." सभागृहात टाळ्या पडल्या. काकांचं एक वेळ सोडा, मला राग आला तो त्या टाळ्यांचा. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी शाळा सुटल्यावर 'श्यामची आई' पुन्हा उघडली आहे, हे मी विचारत नाही. विचारायला हवं होतं.

मी ही पुस्तकं वाचली आहेत. लेक वाचते ते आपल्याला ठाऊक असावं, एवढ्याच हेतूने पहिलं हातात घेतलं आणि रात्रीची भांडी तशीच राहिली. १९८७ साली आलेली ही लॅकीची पहिलीच कादंबरी, 'अ‍ॅरोज' या तीन पुस्तकांच्या मालिकेतली पहिली. तालिया नावाची मुलगी तेरा वर्षांची होते, त्या दिवशी गोष्ट सुरू होते. ती होल्डरकिन या कर्मठ सीमावासी लोकांतली. त्यांच्यात एका पुरुषाला अनेक बायका असतात, आणि मुलीने पुस्तक वाचणं म्हणजे कामचुकारपणा. वाढदिवशी घरातल्या सगळ्या बायका तिला समोर बसवून सांगतात, की आता तुझं लग्न. थोरली बायको व्हायचं की कुणाच्या हाताखालची, तेवढं तू निवड. तालिया म्हणते, मला हेराल्ड व्हायचंय. हेराल्ड म्हणजे राणीचे न्यायदूत, राज्यभर फिरणारे. बायकांना हा चावटपणा वाटतो. तालिया पळून जाते आणि रस्त्यात तिला रोलान भेटतो.

रोलान दिसायला पांढराशुभ्र घोडा. डोळे निळे, खूर चांदीचे. पण तो घोडा नव्हेच. हेराल्डांचे हे सोबती माणसाच्या मनातलं ओळखतात, आणि हेराल्ड कुणी व्हायचं ते राणी ठरवत नाही, ते ठरवतात. एकदा निवडलं की जन्माची गाठ. माणूस गेला तर बहुधा घोडाही मागे राहत नाही. काकांना भुताखेतांचं वाटलं ते एवढंच. मला मात्र जागं ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. रोलान तालियाला निवडतो, पाठीवर घेतो, आणि तिला वाटतं, हा कुणाचा तरी चुकलेला घोडा, आपण फक्त तो राजधानीला पोचवायचा. सगळा प्रवासभर ती हेच समजत असते. आपल्याला कुणी निवडू शकेल, हे त्या मुलीच्या डोक्यातच येत नाही. तेरा वर्षांत घरच्यांनी तिला एवढं पक्कं शिकवलेलं असतं.

आता 'पळपुटं' या आरोपाकडे येऊ. राजधानीत पोचल्यावर तालियाला मिळतं काय? वेळापत्रक. इतिहास, घोडेस्वारी, शस्त्रविद्या, शिवाय पाळीने स्वयंपाकघर आणि कपडे धुणं. शस्त्रं शिकवणारा अल्बेरिक असा, की आपल्या लहानपणचे पीटीचे मास्तर त्याच्यापुढे मवाळ. मुलं तिला छळतात, थंडीत नदीत ढकलून देतात. आणि राणीची खास सल्लागार म्हणून पहिलं मोठं काम सोपवलं जातं ते काय, तर एका लाडावलेल्या राजकन्येला वळण लावायचं. म्हणजे ज्या घरातून पळाली तिथे मुलं सांभाळायची होती, पोचली तिथेही मूल सांभाळतेच आहे! फरक एवढाच, की इथे तिचं मत विचारतात. जे वाचून माझी लेक स्वतःहून सकाळी उठून गणवेश इस्त्री करायला लागली, ते वाचन पळपुटं म्हणायचं तर मग धावायचं तरी कुठल्या दिशेला?

आणि अद्भुताचंच वावडं असेल, तर आमच्या घरात बघा कोण काय वाचतं. सासूबाई भारतातून सहा महिन्यांसाठी इथे येतात तेव्हा बॅगेत थालीपिठाच्या भाजणीआधी 'नवनाथ भक्तिसार' ठेवतात. चाळीस अध्याय. त्यात मच्छिंद्रनाथांचं भस्म एक बाई उकिरड्यावर टाकते आणि बारा वर्षांनी तिथून गोरक्षनाथ निघतात. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात अडकतात आणि शिष्याला त्यांना सोडवून आणावं लागतं. हे सोवळ्यात वाचलं की पुण्य, आणि माझ्या लेकीने पांघरुणात वाचलं की पळपुटेपणा? नवरा कॉलेजात असताना नारायण धारपांच्या कादंबऱ्या वाचून रात्री दिवा लावून झोपायचा. मी वेताळाच्या पंचविशीतली प्रेतं आणि कोडी दोन्ही चवीने खाल्लेली. धाकट्याचं विचारू नका, तो फक्त डायनासोर वाचतो. यातलं एकही वाचन कुणी माइकवरून तपासलं नाही.

'श्यामची आई'शी माझं भांडण नाही. ते वाचून मी रडले आहे, लेकही रडेल, वेळ आली की. पण श्याम मुलगा. गोट्या मुलगा. फास्टर फेणे मुलगा, आणि सायकलवर. ताम्हनकरांची चिंगी आहे हे मला माहीत आहे, कुणी पत्र पाठवू नये. पण आमच्या मंडळाच्या शाळेत वर्षानुवर्षं मुलींना आपण कोणती घोड्यावरची मुलगी देतो? फॅन्सी ड्रेसमधली झाशीची राणी. पुठ्ठ्याचा घोडा, पाठीला बांधलेली बाहुली, हातात चकचकीत कागद लावलेली तलवार, आणि काजळाने काढलेले करारी डोळे. मी स्वतः दादरला झाले होते, लेक इथे झाली. राणीचं मोठेपण मी कमी करत नाही. बिठूरला लहानपणी घोडेस्वारी शिकलेली मणिकर्णिका तांबे मला फार हवीशी वाटते. पण आपण त्या लहान मनूवर थांबतो का? आपल्याला हवी असते १८५८ ची, ग्वाल्हेरला पडणारी. आपल्या गोष्टींत मुलीला घोडा मिळतो तो बहुतेक शेवटच्या लढाईला. तालियाला घोडा मिळतो तो शाळेत जायला. एवढ्या एका कारणासाठी मी लॅकीला शंभर चुका माफ करते.

चुका आहेत. भाषा साधी, कधी फारच गोड. होल्डरकिन लोक इतके एकरंगी, की एवढ्या मोठ्या जमातीत शहाणी माणसं अशी कशी मोजकीच, असं वाटत राहतं. दुसऱ्या पुस्तकात तालियाचं स्वतःच्या शक्तीवरचं नियंत्रण सुटतं, ती बर्फात अडकते, तिथे पानंच्या पानं आत्मपरीक्षण. आणि तिसरं, १९८८ चं 'अ‍ॅरोज फॉल', बारा वर्षांच्या मुलीच्या हाती मी दिलेलं नाही. त्यात कैद आहे, छळ आहे, अत्याचार आहे. घोड्याचं चित्र पाहून आईवडील निर्धास्त होतात आणि मालिका मुलीच्या वयाच्या पुढे निघून जाते. यावर खरं म्हणजे वेगळा लेख हवा. काकांनी हा मुद्दा काढला असता तर मीच टाळी दिली असती. त्यांना तो माहीतच नव्हता, कारण पुस्तक उघडलेलंच नव्हतं.

या पुस्तकाने आमच्या घरात काय केलं ते सांगते. लेकीने आजीला विचारलं, "आपल्याकडे असं तेराव्या वर्षी लग्न व्हायचं का गं?" सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "तेराव्या? माझ्या आजीच्या मांडीवर चौदाव्या वर्षी माझा थोरला काका होता." मग गोष्टी निघाल्या. न्हाणीघरात लपून पाटीवर अक्षरं गिरवणारी सासूबाईंची आजी आम्हाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळली. मराठी शाळेतल्या 'माझे कुटुंब' या धड्याने ती कधी बाहेर काढली नव्हती. लेक म्हणाली, "तालियाला निदान घोडा आला. खापरपणजीला का नाही आला?" सासूबाई म्हणाल्या, "आला होता की. वरातीचा. त्यावर नवरा बसला होता."

तेव्हा मी तिला रखमाबाईंची गोष्ट सांगितली. अकराव्या वर्षी लग्न, मोठं झाल्यावर नांदायला जायला नकार. १८८४ मध्ये नवऱ्याने कोर्टात ओढलं. १८८५ ला न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, १८८७ ला दुसऱ्या न्यायमूर्तींनी उलट हुकूम दिला, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. तुरुंग चालेल, म्हणाली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर नवऱ्याने तडजोड केली आणि ती डॉक्टर व्हायला लंडनला गेली. लेकीचा प्रश्न ठरलेला, "तिचा रोलान कोण?" सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन पाठीशी होते, मी म्हटलं, पण ते खटला चालू असतानाच, १८८५ मध्ये वारले. लेक म्हणाली, "म्हणजे रोलान मेला तरी ती जगली. हे पुस्तकापेक्षा भारी आहे." हे काकांनी ऐकायला हवं होतं. 'श्यामची आई' वाच म्हणून सांगून माणूस रखमाबाईंपर्यंत पोचेलच असं नाही. लेक तालियाच्या पाठोपाठ पोचली.

एका गोष्टीवर मात्र सासूबाईंचं आणि लेकीचं वाजलं. आषाढात सासूबाई यूट्यूबवर वाखरीचं रिंगण बघत होत्या. माऊलींच्या पालखीसोबत अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व असतात. एकावर स्वार, दुसऱ्याची पाठ रिकामी, कारण त्यावर माऊली बसलेत अशी श्रद्धा. तो रिकामा घोडा सुटला आणि लेक ओरडली, "हा सेम रोलान!" सासूबाईंना ते अजिबात रुचलं नाही. माझंही मत सासूबाईंकडे झुकतं. रोलान लाखांतून एकीला निवडतो, बाकीच्यांनी बघत राहायचं. रिंगणातला अश्व कुणालाच निवडत नाही. तो धावून गेला की ज्याला हवी त्याने टापांखालची माती कपाळाला लावावी, तिथे परीक्षा नाही. लॅकीच्या मालिकेत मला जे खुपत होतं, ते मला रिंगण बघताना सापडलं. पण हेही खरं, की लेकीने मोबाइल बाजूला ठेवून ते रिंगण शेवटपर्यंत पाहिलं आणि मग विचारलं, अंकली कुठे आहे.

मंडळी, मी उपदेश करते आहे याची मला जाणीव आहे. कार्यकारिणीतले सगळे नोकरी सांभाळून राबतात, काकांनी गेल्या वर्षी मोदकांचं सारण स्वतः ढवळलं, हेही मी विसरलेले नाही. कुणाला लागलं असेल तर क्षमस्व. पण मुलांनी मराठीत बोलावं म्हणून आपण एवढी धडपड करतो, आणि मूल मराठीत स्वतःचं काही बोललं की आधी विषय तपासतो. मग पुढच्या वर्षी ते 'माझी आई' यावर पाठ केलेलं भाषण म्हणणारच, आणि बाराव्या वर्षानंतर येणारच नाही. आपल्या पंधरा वर्षांवरच्या मुलांपैकी किती जण गणपतीला पार्किंगमध्ये गाडीत बसून असतात, ते मोजा एकदा.

मंडळाच्या ग्रंथालयाबद्दलही बोलायचं होतं. कुणाच्या तरी गॅरेजमधल्या खोक्यांना ग्रंथालय म्हणत असाल तर. त्यात 'मृत्युंजय'च्या कितीतरी प्रती आहेत आणि दहा ते चौदा वयाच्या मुलीसाठी काय आहे, हे खोकी उपसूनही मला कळलेलं नाही. संपादकांनी दिलेली जागा संपत आली, तेव्हा ते पुढच्या अंकात.

तोवर, ज्यांना ही मालिका स्वतः वाचून मग नाक मुरडायचं आहे, त्यांच्यासाठी पहिली दोन पुस्तकं आमच्याकडे आहेत, घेऊन जा. तिसरं मोठ्यांनाच देईन. आणि मागच्या वेळी नेलेलं 'स्मृतिचित्रे' ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ते परत आणून द्यावं. सासूबाई नोव्हेंबरमध्ये परत चालल्या आहेत आणि ते त्यांचं आहे.