'मुंबईला दाखवा' हे काही उत्तर नव्हे

कॅन्सरचा उपचार संपला की बाई बरी झाली, असं आपण धरून चालतो. शुक्राने की नमाज होते, मिठाई वाटली जाते, मुंबईच्या वाऱ्या थांबतात. त्यापुढची पंधरा-वीस वर्षं तिने कोणाच्या भरवशावर काढायची? मोहल्ल्यातल्या डॉक्टरसाहेबांना हा प्रश्न पडत नाही, आणि माझं भांडण तिथेच आहे.

माझ्या खालाच्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या. काही वर्षांनी त्या बाजूचा हात सुजू लागला. जवळच्या डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी दिली, महिनाभर सूज हलली नाही, मग म्हणाले, "मुंबईला दाखवा." गाठी काढल्या की हातातला द्रव नीट वाहून जात नाही, म्हणून ही सूज येते. तिला घट्ट बाही, व्यायाम आणि जखम न होऊ देण्याची काळजी लागते. लघवीच्या गोळीचा तिथे उपयोग नाही. हे कळायला सुपरस्पेशालिस्ट कशाला हवा?

अशा गोष्टी बऱ्याच आहेत. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाने हृदयाचा स्नायू कमजोर होऊ शकतो, कधी कधी बऱ्याच वर्षांनी. अशा बाईला जिना चढताना धाप लागली तर 'कमजोरी आहे' म्हणून सलाईन लावायचं नसतं. टॅमॉक्सिफेन पाच वर्षं, काहींना दहा वर्षं घ्यावं लागतं. ते घेणाऱ्या बाईला पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेलं तर गर्भाशयाची तपासणी लगेच करायची असते. आपल्या बायका पुरुष डॉक्टरला हे आपणहून सांगणार नाहीत, त्यांना विचारावं लागतं. मानेला रेडिएशन दिलेल्या माणसाचं थायरॉइड मंदावू शकतं, आणि त्याची रक्ततपासणी तालुक्याला होते.

"आम्ही बीयूएमएस, हे आमचं काम नाही," असं मला एकाने ऐकवलं. बीपी-शुगरच्या ॲलोपॅथीच्या गोळ्या वर्षानुवर्षं लिहिताना पदवी आड येत नाही, ती इथेच कशी आडवी येते? ऑपरेशन करा असं कोणी म्हणत नाही. विचारा, तपासा, आणि वेळेत योग्य ठिकाणी पाठवा, एवढंच मागणं आहे.

रमजानचंच घ्या. टॅमॉक्सिफेनची गोळी साधारणपणे दिवसातून एकदा असते, ती इफ्तारनंतर किंवा सहरीला घेता येते. आजाऱ्याला रोज्याची सवलत तर सूरे बकरामध्येच आहे. पण डॉक्टर हा विषय काढत नाहीत, म्हणून बाई मौलानांना विचारते. कोणी न विचारताच महिनाभर गोळी बंद ठेवते.

मोठी रुग्णालयंही सुटत नाहीत. अमेरिकेत २००५ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने हेच दुखणं मांडलं होतं: उपचार संपलेला माणूस दोन डॉक्टरांच्या मध्ये हरवतो, म्हणून त्याच्या हातात पुढच्या काळजीचा लेखी आराखडा द्या. आपल्याकडे हातात येते दोन किलोची इंग्रजी फाइल. ती कपाटात कुराण शरीफच्या खालच्या फळीवर जपून ठेवली जाते, आणि गल्लीतला डॉक्टर ती कधी उघडत नाही. मोहल्लाही तसाच. ऑपरेशनला जकातीचे पैसे जमतात, दरवर्षीच्या मॅमोग्राफीला कोणी विचारत नाही. एकदा निदान झालेल्या घराला बिरादरीत मुलींची सोयरीक जड जाते, म्हणून बाईच तोंड मिटून बसते. मग डॉक्टरला तिचा जुना आजार कळायचा कुठून?

सुट्टी देताना एक पान द्या. कोणती औषधं दिली, रेडिएशन कुठे दिलं, कशावर लक्ष ठेवायचं, कोणत्या लक्षणाला थांबायचं नाही आणि फोन कोणाला करायचा, एवढंच त्यावर हवं. गल्लीतल्या डॉक्टरच्या नावाने, मराठीत, आणि हवं तिथे उर्दूत. मी दोन्ही भाषा शिकवते. असं पान उर्दूत करायला मला एक दुपार पुरेल, आणि आठवीतली कुठलीही मुलगी ते घरी आजीला वाचून दाखवेल.