कम्युनिटी कॉलेज सांगताना आवाज का उतरतो?



मुलगा कुठे शिकतो असं कुणी विचारलं, की मोठ्या युनिव्हर्सिटीचं नाव आपण लगेच सांगतो. दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज असेल तर "सध्या तात्पुरतं" म्हणून विषय बदलतो. यंदा अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळातली काही मुलं डेंटल स्कूलला अर्ज करणार आहेत आणि त्यांतली काही याच 'तात्पुरत्या' कॉलेजातून पुढे आलेली आहेत. हे संपादकीय त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या आईबाबांसाठी जास्त.

नियम वेळेवर वाचले नाहीत तर काय होतं, ते मी माझ्या गावाकडे पाहिलं आहे. मी रामाकोन्याचा. सौंसर तालुका, 2023 पासून जिल्हा पांढुर्णा, राज्य मध्य प्रदेश. घरात मराठी, सरकारी कागदावर हिंदी. संत्री नागपूरला जातात, आजारी माणूसही नागपूरलाच नेतात. 1956 पर्यंत तीच आमची राजधानी होती. राज्यांची फेररचना झाली, नागपूर पलीकडे गेलं आणि आम्ही अलीकडे राहिलो.

याचा दातांच्या डॉक्टरकीशी फार जवळचा संबंध आहे. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय 1968 पासून चालू आहे, आमच्या गावापासून दोनेक तासांवर. पण रामाकोन्याच्या मुलीने 'नीट' ही प्रवेश परीक्षा मराठीतून दिली, उत्तम मार्क मिळवले, तरी महाराष्ट्राच्या 85 टक्के राज्य कोट्यात तिला जागा नाही. त्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, वर डोमिसाइल. कर्नाटक सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने थोड्या जागा राखल्या आहेत. सौंसर-पांढुर्णा त्यात बसत नाही. तिच्या हक्काचं सरकारी कॉलेज इंदूरचं, 1961 सालचं. नागपूर हवंच असेल तर 15 टक्के अखिल भारतीय कोट्यातून, देशभरातल्या मुलांशी टक्कर देऊन. कोचिंगसाठी मुलांना अकरावीपासून नागपूरला ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. बारावी महाराष्ट्रातून होते आणि दहावी मध्य प्रदेशची म्हणून गाडी अडते. हे काउन्सेलिंगच्या वेळी कळलं तर काही करता येत नाही. मुलगी हुशार असते, घरच्यांनी पैसाही ओतलेला असतो. नियमाचं पान तेवढं कुणी वेळेवर उघडलेलं नसतं.

इथे अमेरिकेत पद्धत वेगळी आहे, पण नियमाची पानं इथेही आहेत. कम्युनिटी कॉलेजातून आलेल्या मुलांना बऱ्याच डेंटल स्कूल घेतात. मात्र काही स्कूल तिथली साधारण साठेक क्रेडिटच धरतात. काहींना केमिस्ट्री, बायोलॉजीसारखे विषय चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत केलेले आवडतात. म्हणून ज्या स्कूलना अर्ज करायचा, त्यांच्या अटी पहिल्याच वर्षी वाचायच्या. युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर झाल्यावर वाचून उपयोग नाही. आणि ट्रान्सफरनंतर सोपे विषय घेऊन सरासरी सांभाळत बसू नये. बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी युनिव्हर्सिटीत घ्यावेत आणि तिथे चांगली ग्रेड आणावी. दोन वर्षांच्या कॉलेजातली ए ग्रेड खरी होती, हे प्रवेश समितीला त्यावरूनच दिसतं.

एक गैरसमज आपल्यात फार पसरला आहे: कॉलेज बदललं की जुन्या ग्रेड पुसल्या जातात. तसं होत नाही. डेंटल स्कूलचा एकत्रित अर्ज भरताना प्रत्येक कॉलेजचा प्रत्येक विषय ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवून एकेक ओळ करून भरावा लागतो. मध्येच सोडलेला विषयही त्यात येतो. पुन्हा घेतलेल्या विषयाच्या दोन्ही ग्रेड सरासरीत धरल्या जातात. अठराव्या वर्षी 'इथे काय, कम्युनिटी कॉलेजच तर आहे' म्हणून हलक्यात घेतलेली केमिस्ट्री चार वर्षांनी त्या ओळीत उभी असते. घरात त्या कॉलेजला कमी लेखलं, की मूलही ते कमी लेखतं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

पैशाचं उघड बोलू या. कर्ज काढून डेंटल स्कूल पूर्ण करणाऱ्यांच्या डोक्यावर इथे सरासरी तीन लाख डॉलरच्या आसपास बोजा असतो. पहिली दोन वर्षं घरी राहून, थोडक्या फीमध्ये काढणारं मूल त्या बोजाचा आधीच विचार करतंय. आजच्या कम्युनिटी कॉलेजांचा पूर्वज असलेलं जॉलिएटचं ज्युनियर कॉलेज 1901 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून या देशातली साधी कुटुंबं हेच करत आली आहेत. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

अर्ज जूनच्या सुरुवातीपासून पाठवता येतात, प्रवेशाची पत्रं डिसेंबरपासून येतात. बऱ्याच स्कूल अर्ज येतील तसे पाहत जातात, त्यामुळे ऑगस्ट उजाडेपर्यंत थांबू नका. मंडळातल्या दंतवैद्यांना एक विनंती आहे. या मुलांना क्लिनिकमध्ये उभं राहून काम पाहण्याचे तास लागतात, आणि ज्यांच्या घरात कुणी डॉक्टर नाही त्यांना ते मिळवणं सगळ्यात अवघड जातं. महिन्यातून एक शनिवार देऊ शकत असाल तर कार्यकारिणीला कळवा. आणि सौंसर, पांढुर्णा, रामाकोन्याकडचे जे कुणी वाचत असाल, त्यांनी गावाकडे आठवी-नववीत असलेल्या भाच्या-पुतण्यांच्या घरी या रविवारी फोन करून दहावीचा आणि डोमिसाइलचा नियम नीट सांगा.