दारातील दुसरी मोटार

शहरातील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आठवून पाहावी. पाणीपट्टी, रंगकाम, लिफ्टची दुरुस्ती हे विषय अर्ध्या तासात आटोपतात. सभा रंगते, आणि कधी कधी भंगतेही, ती पार्किंगच्या प्रश्नावर. जुन्या इमारतींत घरटी एका मोटारीचीही जागा धरलेली नव्हती. आज त्यांपैकी अनेक घरांत दुसरी मोटार आली आहे. वर्षानुवर्षे एकमेकांच्या सुखदुःखात धावून जाणारे शेजारी वीतभर जागेसाठी एकमेकांशी अबोला धरतात, हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही.

२००८ च्या जानेवारीत टाटा उद्योगसमूहाने ‘नॅनो’ ही मोटार लोकांसमोर आणली. पावसात स्कूटरवरून चाललेले सबंध कुटुंब पाहून ही कल्पना सुचल्याचे रतन टाटा यांनी सांगितले होते. नॅनोचे उत्पादन २०१८ साली थांबले. पण मुलाबाळांना घेऊन सुरक्षित प्रवास कसा करावा, हा त्यामागील प्रश्न खरा होता आणि आजही आहे. मध्यमवर्गीय कुटुंबाने कष्टाच्या पैशातून पहिली मोटार घेतली, तर त्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. वृद्ध आईवडिलांना रुग्णालयात न्यायचे असते, गावी जायचे असते, लग्नकार्ये असतात. विचार करायचा आहे तो दुसऱ्या मोटारीचा.

ही दुसरी मोटार दिवसभर करते काय? सकाळी मुलांना शाळेत सोडते, दुपारी आणते, संध्याकाळी शिकवणीला आणि मंडईला जाते. शाळा घरापासून तीन किलोमीटरवर असेल, तर सोडण्या-आणण्याच्या चार फेऱ्यांचे बारा किलोमीटर होतात. महिन्याच्या बावीस दिवसांत सुमारे २६५ किलोमीटर. शहरातल्या गर्दीत लिटरला बारा किलोमीटर धरले, तर बावीस लिटर पेट्रोल, म्हणजे दोन हजारांहून अधिक रुपये केवळ शाळेपायी जातात. कर्जाचा हप्ता, विमा आणि देखभाल वेगळी. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण परदेशांतून विकत आणतो, हेही या हिशेबात विसरता येत नाही. शिवाय मोटार उभी करण्यास सुमारे १३५ चौरस फूट जागा लागते. ज्या घरात मुलांची खोली दहा फूट बाय दहा फूट असते, त्याच घराची दुसरी मोटार मुलांपेक्षा मोठी खोली अडवून बसते!

युरोपातील अनेक कुटुंबांनी या कामासाठी निराळे वाहन स्वीकारले आहे. ते म्हणजे विजेवर चालणारी मालवाहू सायकल. काहींत पुढच्या बाजूस पेटी असते. तीत दोन मुले पट्टा लावून बसतात. काहींचा मागचा भाग लांबविलेला असतो. पायडल मारावेच लागते. बॅटरीवरची मोटर त्यास जोड देते, त्यामुळे ओझे असतानाही चढ चढता येतो. युरोपीय नियमांनुसार ही जोड ताशी २५ किलोमीटरला थांबते. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे दोन किंवा अधिक मुले असलेल्या कुटुंबांपैकी साधारण चौथा हिस्सा कुटुंबांकडे मालवाहू सायकल असल्याचे सांगितले जाते. वर हिशेबात घेतलेल्या २६५ किलोमीटरना अशा सायकलला वीज लागेल चार-पाच युनिट.

हे वाहन आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून पहाटे निघणारा दूधवाला, मागच्या पेटीत पाव घेऊन येणारा पाववाला, सायकलला डबे लटकावून मुंबईभर फिरणारे डबेवाले, हे सारे मालवाहू सायकलस्वारच होत. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात तर पुढच्या दांडीवर छोटी बैठक बसवून मुलाला शाळेत नेणारे वडील पेठापेठांतून दिसत असत. आज पन्नाशी ओलांडलेल्या कित्येक वाचकांनी जग प्रथम पाहिले ते त्याच बैठकीवरून. आपला कायदाही अनुकूल आहे. मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, तसेच बॅटरी वगळता वजन ६० किलोच्या आत असेल, तर अशा विद्युत वाहनास परवाना व नोंदणी लागत नाही.

अडचणी नाहीत असे नव्हे. युरोपातील चांगल्या मालवाहू सायकलची किंमत आपल्याकडील काही लाखांच्या घरात जाते आणि आपल्या बाजारात कुटुंबासाठी बनविलेल्या अशा सायकली फारशा नाहीत. २०२४ साली नेदरलँड्समध्ये एका मोठ्या कंपनीच्या सायकलींचे सांगाडे मोडू लागल्याने सरकारी यंत्रणेला त्यांची विक्री थांबवावी लागली. तेव्हा मुलांना बसवायचे वाहन पारखूनच घेतले पाहिजे. पाऊस आणि ऊन यांवर आच्छादनाचा उपाय आहे, पण तो अर्धाच. किमतीचा प्रश्न मात्र सुटण्याजोगा आहे. सायकल उत्पादनात चीनच्या खालोखाल आपला क्रमांक लागतो. लुधियानाचे कारखाने आणि पुण्यातील दुचाकी उद्योग ज्या देशात आहेत, त्या देशाला एक भक्कम पेटीची सायकल बनविता येऊ नये, हे पटत नाही.

खरा आक्षेप निराळाच आहे आणि तो घरातील आईचा आहे. ‘या रस्त्यावर, या वाहनांच्या गर्दीत, मी माझ्या मुलांना उघड्या सायकलवर बसवू?’ या प्रश्नाला भित्रेपणा म्हणून हसण्यावारी नेणे हा अन्याय ठरेल. २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडली. आईची भीती खरी आहे. परंतु याच भीतीपोटी एक घर दुसरी मोटार घेते, ती मोटार शाळेच्या फाटकासमोरच्या गर्दीत भर घालते आणि त्या गर्दीला भिऊन पुढचे घर मोटार घेते. आपल्या मुलाला सुरक्षित ठेवण्यासाठी घेतलेले वाहन शेजारच्या मुलाचा रस्ता अधिक धोक्याचा करते. हे चक्र कोठेतरी थांबविले पाहिजे.

ते थांबविता येते, हे नेदरलँड्सने दाखवून दिले आहे. तो देश जन्मतः सायकलींचा स्वर्ग नव्हता. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक बालके होती. संतप्त पालक रस्त्यावर उतरले आणि मुलांच्या हत्या थांबवा, या मागणीचेच नाव घेऊन चळवळ उभी राहिली. १९७३ च्या तेलसंकटात सरकारने काही रविवार मोटारींना रस्ते बंद केले आणि मोकळा रस्ता कसा असतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे दशकानुदशके सायकलींचे स्वतंत्र मार्ग बांधले गेले. अलीकडे तेथील वार्षिक मृत्युसंख्या सातशेच्या आसपास असते. आधी मागणी करणारे पालक उभे राहिले, मग रस्ते बदलले, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

पुण्यातही प्रयत्न झाले. २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर जलद बससेवा सुरू झाली, तेव्हा कडेने सायकल मार्ग आखले गेले. २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडा संमत केला. आणि २०१८ साली शहरातील वाहनांची संख्या लोकसंख्येहून अधिक झाल्याचे प्रसिद्ध झाले! कागदावर सायकल मार्ग आहेत; प्रत्यक्षात त्यांवर कोठे मोटारी उभ्या आहेत, कोठे हातगाड्या, तर कोठे मार्ग अचानक संपून सायकलस्वाराला थेट वाहतुकीत लोटून देतो. हे मार्ग मोकळे राहावेत, असा आग्रह धरणारा नागरिकांचा गट प्रभागाप्रभागांत उभा राहिला नाही, हे त्याचे एक मोठे कारण आहे.

म्हणून सुरुवात दोन्हीकडून व्हावी. दुसरी मोटार घेण्याचा बेत असलेल्या कुटुंबाने आधी महिनाभर फेऱ्यांची नोंद ठेवावी. त्यांतील किती फेऱ्या चार किलोमीटरच्या आतल्या आहेत, ते पाहावे. गृहनिर्माण संस्थांनी एका मोटारीची जागा सायकलींसाठी राखावी व तेथे विजेची सोय करावी. त्या जागेत अशा तीन-चार सायकली सहज मावतात. शाळांनी भरण्या-सुटण्याच्या वेळी फाटकासमोरचा रस्ता मोटारींपासून मुक्त ठेवण्यासाठी पोलिसांकडे आग्रह धरावा. आणि आपल्या प्रभागातील सायकल मार्ग कोठे तुटतो, हा प्रश्न नगरसेवकाला मते मागण्याच्या वेळीच विचारला जावा.

सभेत पार्किंगच्या जागेवरून भांडण्यात आपण जेवढी शक्ती खर्च करतो, तिचा अर्धा भाग जरी या कामी लावला, तरी आज सहा-सात वर्षांचे असलेले मूल दहावीला जाण्यापूर्वी एकटे, निर्धास्तपणे सायकलवरून शाळेत जाऊ शकेल. मुलांसाठी दारात दुसरी मोटार उभी करण्यापेक्षा हे देणे अधिक मोलाचे आहे.