आरोग्य-कट्टा : "किती बारीक झालीस!"



गणपतीच्या महाप्रसादाला मुली भेटल्या की आम्ही बायका पटकन म्हणतो, "अगं, किती बारीक झालीस! छान दिसतेस." यंदा ओळखीतल्या एका मुलीला आम्ही असेच म्हणून गेलो. तिच्या पानात मोदक तसाच होता, हॉलच्या ए.सी.त ती कुडकुडत होती, ते दिसूनही. नंतर तिच्या आईकडून कळले, चार महिने पाळी नाही. म्हणून हा विषय.

"आपल्याकडे हे नसते" असे समजू नये. सुलतान काबूस विद्यापीठातील डॉक्टरांनी ओमानमधील शाळकरी मुलामुलींची पाहणी २००२ साली प्रसिद्ध केली. अन्न तोडण्याकडे कल ओमानी मुलांत सुमारे ३३ टक्के, तर इतर देशांच्या मुलांत ९ टक्के आढळला. कल म्हणजे आजार नव्हे, पण मुलगेही यात मागे नव्हते.

अन्न तुटले की शरीर काटकसर करते. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, हातपाय गार पडतात, केस गळतात, अंगावर बारीक लव येते. हाडे भरायच्या वयात ती विरळ होतात. पुढे ही झीज पूर्ण भरून येईलच असे नाही.

जेवून मुद्दाम उलटी करणाऱ्यांचे वजन बहुधा नेहमीसारखेच असते, म्हणून कळत नाही. आम्लाने दात आतून झिजतात, कानाखाली गाल सुजतात. रक्तातले पोटॅशियम उतरून हृदयाचे ठोके बिघडतात, जिवावरही बेतते. जुलाबाच्या गोळ्यांनीही तेच होते. इथल्या उन्हाळ्यात घामाची त्यात भर.

जेवणानंतर लगेच बाथरूम, संकष्टी-एकादशीपलीकडे वाढत गेलेले उपास, सैल कपडे, चक्कर : यांवर लक्ष ठेवा. रागावू नका, डॉक्टरांकडे न्या. नाडी, रक्तदाब, ई.सी.जी., पोटॅशियम तपासून घ्या. एक रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका. आणि फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलाला मायेने एकदम भरवू नका; रक्तातले फॉस्फेट घसरून धोका होतो. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा. शुद्ध हरपली तर ९९९९ फिरवा.

त्या मुलीवर आता उपचार सुरू आहेत. पुढच्या कार्यक्रमात भेटली की आम्ही विचारणार, "सध्या काय वाचतेस?" तुम्हीही तसेच विचारा.