वाडीतला युरिया जातो कुठे?



"केळीची पानं परत पिवळी पडली, अजून किती युरिया टाकू?" या आठवड्यात हाच प्रश्न तिघांनी विचारला. माझं मत सांगतो, राग मानू नका: अजून टाकू नका, आधी पाणी बघा.

अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या पट्ट्यातल्या वाड्या रेताड. ४५ किलोच्या पोत्यात साधारण २०.७ किलो नत्र असतं. युरिया पाण्यात लगेच विरघळतो आणि पहिले दोन-चार दिवस मातीला धरून राहत नाही. आपण काय करतो? संध्याकाळी खत फेकतो आणि सकाळी पंप लावून आळं तुडुंब भरतो. मुळांच्या हाती लागायच्या आधीच ते खाली उतरतं. कडुनिंबाचा लेप आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लेपामुळे नत्राचं नायट्रेट व्हायला उशीर होतो, पण विरघळलेला युरिया त्याने थांबत नाही.

आणि खाली काय आहे? आपलीच विहीर. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही आणि तान्ह्या बाळाला त्याचा धोका सगळ्यात जास्त. पैसे गेले ते वेगळेच.

मग कोरड्या मातीवर फेकून ठेवायचा का? तेही नको, उन्हात वायू होऊन उडतो. थोडा थोडा द्या, मातीत मिसळा, वरून हलकं पाणी द्या. एका पोत्याचे चार हप्ते करा. राखेबरोबर तर कधीच टाकू नका, नत्र उडून जाईल.

रेतीला धरून ठेवायची ताकद येते ती कुजलेल्या शेणखताने, पेंडीने, तागाच्या हिरवळीने. "शेणखत महाग पडतं" हे मान्य, पण वाहून गेलेला युरिया तरी कुठे फुकट आहे? मात्र ताजं भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा मातीत गाडू नका. ते कुजवताना जिवाणू नत्र स्वतःच खातात आणि पीक पिवळंच राहतं. वरून आच्छादन म्हणून चालेल.

पाणी द्यायच्या आधी वीतभर खोलीची माती मुठीत दाबा. गोळा झाला तर आज पंप बंद.

विहिरीचं पाणी तपासायचं असेल तर या मेसेजला "विहीर" असं उत्तर पाठवा, नमुना कसा घ्यायचा ते कळवतो.